एक मे: तारखेचं भांडण आणि बुडालेली हजेरी

एप्रिलचा शेवटचा आठवडा आला की वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत, चहाच्या गाड्यांवर आणि गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक जुना वाद नव्यानं पेटतो. एक बाजू सांगते की १ मे हा परक्यांचा दिवस, शिकागोचा. आपला श्रमदिन म्हणजे १७ सप्टेंबरची विश्वकर्मा जयंती. दुसरी म्हणते, १ मेला हात लावाल तर तो शिकागोच्या हुतात्म्यांचा अपमान. तिसरीच्या मते महाराष्ट्रात हा आधी महाराष्ट्र दिन आहे, बाकी सगळं नंतर. चौथी बाजू सुट्ट्यांची यादी पुढे करते आणि विचारते, काम हीच पूजा तर कामाच्या सन्मानासाठी काम बंद कशाला? चौघांचं एकमेकांशी पटत नाही, पण एक गोष्ट चौघांनीही न तपासता धरून ठेवली आहे. सुट्टी सगळ्यांना मिळते, फक्त ती कोणत्या नावानं आणि कोणत्या तारखेला हाच काय तो प्रश्न उरला आहे, असं त्यांना वाटतं. सांगली जिल्ह्यात १ मेच्या सकाळी घराबाहेर पडून पाहिलं तर हे गृहीतक तासाभरात कोसळतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. कामगार दिनाची तारीख दुय्यम आहे. काम बंद ठेवणाऱ्या माणसाला त्या दिवसाची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, मिळते की बुडते, हाच एक खरा निकष. ज्या दिवशी बसून राहणं मजुराला परवडत नाही तो कामगार दिन नव्हे, मग त्याचं मूळ शिकागोत असो नाहीतर पुराणात. आणि हातावर पोट असलेल्यांना भरपगारी सुट्टी देणं अशक्य आहे, हे मला मान्य नाही. ते कसं करायचं हे महाराष्ट्रानं अर्ध्या शतकापूर्वी करून दाखवलं आहे, आणि त्यात सांगली ज्यातून वेगळा निघाला त्या जुन्या सातारा जिल्ह्यातल्या माणसांचा मोठा हात आहे.

आमच्याकडचा १ मे कसा जातो? सकाळी पालकमंत्र्यांच्या हस्ते ध्वजवंदन, पोलिसांचं संचलन, गुणवंतांचा सत्कार. बँका, कचेऱ्या बंद. त्याच वेळी तासगाव भागात बेदाण्याचा हंगाम चालू असतो. शेडवर रोजगाराला आलेल्या बायका सकाळपासून बेदाणा निवडत बसलेल्या असतात, आणि त्यांच्यातल्या बहुतेकींना आज सुट्टीचा दिवस आहे हे पोरांची शाळा बंद असल्यामुळं कळतं. विट्याच्या मागांवर पगार कापडाच्या मीटरवर ठरतो. माग थांबला की पैसे थांबले. कुपवाडच्या एमआयडीसीत एकाच छपराखाली कायम कामगाराला सुट्टी आणि कंत्राटदाराच्या माणसाला ‘आलास तर हजेरी’ असा प्रकार चालतो. खानापूर-आटपाडीकडची पोरं देशभरच्या सराफ पेठांत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या भट्ट्यांवर, ॲसिडच्या वाफेत काम करतात. त्यांचा दिवस मालकाच्या मर्जीवर. ऊसतोडीच्या टोळ्या तर तोवर गावी परतलेल्या असतात. त्यांच्या हंगामात १ मे येतच नाही आणि रविवारही येत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे हिशेबात दोघं मिळून एकच मजूर. एक दिवस खाडा झाला की उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या हिशेबात दंड चढतो. ताप असो, पाळी असो, मूल आजारी असो, फडावर जावंच लागतं.

आता ‘परका दिवस’ या आक्षेपाकडे वळू. तो सगळाच पोकळ आहे असं म्हणून चालणार नाही. लोकांच्या रीतीभातीत रुजलेला नसेल तर कोणताही दिवस सरकारी कार्यक्रम होऊन बसतो, हे खरं आहे. भारतात पहिला कामगार दिन १ मे १९२३ रोजी मद्रासच्या समुद्रकिनारी सिंगारवेलू चेट्टियार यांनी पाळला. तेव्हापासून शंभर वर्षं उलटून गेली, तरी आमच्या खेड्यातल्या मजूर बाईला हा दिवस आपला वाटत नाही, ही या दिवसाचा झेंडा वाहणाऱ्यांनी मनाला लावून घ्यावी अशी गोष्ट आहे. भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंतीला राष्ट्रीय श्रम दिवस मानतो, त्यामागची भावनाही मी खोटी मानत नाही. सुतार, लोहार, पाथरवट यांच्या हातातल्या कौशल्याला आपल्याकडे देवत्व दिलं गेलं, याचा अभिमान का नसावा? पण मग तारीख नीट पाहावी लागेल. आपल्याकडचा सुतार-पांचाळ समाज विश्वकर्मा जयंती परंपरेनं माघ शुद्ध त्रयोदशीला करत आला आहे. १७ सप्टेंबर ही बंगाल-बिहारकडची, कन्या संक्रांतीची रीत. महाराष्ट्रात तर तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. म्हणजे एक बाहेरची तारीख काढून दुसरी बाहेरचीच आणायची आणि तिला देशी म्हणायचं, असा हा व्यवहार होतो.

आणि देशीच शोधायचं असेल तर इतकं लांब जायची गरज नाही. सातारा-सांगलीच्या गावात बेंदूर आहे. आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते, जू वाहून सोललेल्या खांद्याला तूप-हळद चोळतात. दुसऱ्या दिवशी अंघोळ, झूल, शिंगांना रंग, पुरणपोळीचा घास. पण बेंदराचा गाभा या सजावटीत नाही. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, या नियमात तो आहे. कितीही घाईचं औत असलं तरी नाही. बेंदराला बैल जुंपणाऱ्याला गावानं कधी मान दिला असता का? आपल्या शेतकरी परंपरेला हे पक्कं ठाऊक होतं की विश्रांतीशिवाय केलेला सन्मान हा सन्मान नसतो, आणि त्या दिवसाचा चारा काही कमी करायचा नसतो. त्याच बेंदराला बैल ओढ्यावर नेणारा, घासून धुणारा सालगडी मात्र दिवसभर राबतच असतो. खंडेनवमीचंही तसंच. कारखान्यातल्या लेथला झेंडूचा हार पडतो, यंत्र बंद राहतं, हेल्पर पोऱ्या मात्र फरशी पुसत असतो. परंपरेचा आधार घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की बेंदराचा नियम माणसाला लावा. तो लावलात तर तुमचं-माझं भांडण संपलं.

केवळ देशी नाव दिल्यानं काही होत नाही, याचा दाखला जपाननं देऊन ठेवला आहे. तिथं नव्या भाताचा नैवेद्य दाखवण्याचा प्राचीन दरबारी सण होता. १९४८ मध्ये त्याच दिवसाला, २३ नोव्हेंबरला, श्रमाबद्दल कृतज्ञता व्यक्त करण्याचा राष्ट्रीय दिवस केलं. मातीतलाच सण, परकेपणाचा लवलेश नाही. तरीही अतिकामानं येणाऱ्या मृत्यूला स्वतंत्र शब्द घडवावा लागला तो जपानी भाषेलाच.

‘हे परक्यांचं कारस्थान आहे’ हा युक्तिवाद आपल्याकडे पहिल्यांदा होतोय असंही नाही. तो सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी झाला होता, आणि रविवारच्या सुट्टीवरून झाला होता. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून, साताऱ्याकडून गेलेली माणसं उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत होती. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये त्यांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, जखमी कामगाराला भरपाई, अशा साध्या मागण्या. त्या काळच्या राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी कारखाने कायद्यांना विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना हिंदी गिरण्यांची स्पर्धा नको आहे, म्हणून कामगारांचा कळवळा आला आहे. यात तथ्य होतं, हे लक्षात घ्या. लँकेशायरचे कारखानदार खरोखरच स्वार्थापोटी या कायद्यांचा आग्रह धरत होते. पण मागणीमागं कुणाचा तरी स्वार्थ आहे म्हणून दमलेल्या माणसाचा थकवा खोटा ठरतो का? लोखंडे डगमगले नाहीत. रविवार हा खंडोबाचा वार, तो आमच्या देवाला द्या, असं त्यांनी मांडलं. इंग्रजांचा प्रार्थनेचा वार आणि जेजुरी-पालीच्या खंडोबाचा वार एकच निघाला, आणि कामगारांनी तो आपलासा केला. पॅरिसच्या समाजवादी परिषदेनं १८८९ मध्ये केलेल्या ठरावानुसार पहिला आंतरराष्ट्रीय कामगार दिन १ मे १८९० ला पाळला गेला. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, २४ एप्रिल १८९० ला, महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर दहा हजार गिरणी कामगार जमले होते आणि त्या सभेत दोन बायका बोलायला उभ्या राहिल्या होत्या. १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. युरोपातल्या कामगारांना आणि मुंबईतल्या कामगारांना एकाच ऋतूत एकच गोष्ट हवी होती. यात आपलं कुठलं आणि परकं कुठलं, हे वेगळं करून दाखवावं कुणीतरी.

आता दुसऱ्या बाजूकडे. तारीख बदलणं हा निरागस उद्योग नसतो, हा त्यांचा मुद्दा सगळ्यात भक्कम आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. १ मे १८८६ ला आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकेत संप झाले. ४ मेला शिकागोच्या हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला, गोळीबार झाला, आणि पुढच्या वर्षी चार कामगार नेत्यांना फाशी देण्यात आली. अमेरिकेचा अधिकृत कामगार दिन मात्र सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असतो. ती मिरवणूकही न्यूयॉर्कच्या कामगारांनीच १८८२ मध्ये सुरू केलेली, हे खरं. पण राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी त्या सुट्टीच्या कायद्यावर सही केली २८ जून १८९४ ला, पुलमन रेल्वे संप ऐन भरात असताना, आणि आठवडा संपायच्या आत संप मोडण्यासाठी शिकागोत फौज पाठवली. मुसोलिनीनं १ मे रद्द करून कामगारांचा दिवस २१ एप्रिलला, रोमच्या स्थापना दिनाला नेऊन बांधला. फॅसिस्ट सत्ता कोसळल्यावरच इटलीला १ मे परत मिळाला. तेव्हा तारीख हलवण्याची भाषा सुरू झाली की कान टवकारणं योग्यच आहे. १ मे हलवू नये, असंच माझंही मत आहे.

पण तारीख जपली म्हणजे दिवस जपला, असं होत नाही. जर्मनीत १ मे ही भरपगारी राष्ट्रीय सुट्टी कुणी केली? हिटलरच्या सरकारनं, १९३३ मध्ये. बर्लिनमध्ये अभूतपूर्व सोहळा झाला, कामगार संघटनाही त्यात सामील झाल्या. दुसऱ्या दिवशी, २ मेला, देशभरातल्या संघटनांची कार्यालयं ताब्यात घेतली गेली आणि पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं गेलं. सोव्हिएत रशियात लाल चौकातून रणगाडे गेले, पण कामगाराला मनाजोगता संप करायची मुभा नव्हती. चीनमध्ये आज मे महिन्याची सलग सुट्टी मिळते आणि तिची भरपाई म्हणून आधीच्या-नंतरच्या शनिवार-रविवारी कामावर जावं लागतं. तारीख तीच, झेंडा तोच, आतलं सत्त्व गेलेलं. हेमार्केटच्या हुतात्म्यांनी प्राण दिले ते कॅलेंडरमधल्या चौकोनासाठी नव्हे, आठ तासांसाठी दिले.

उलट तारखेचा आग्रह न धरताही दिवस जिवंत राहिलेला दिसतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या पाथरवटांनी एप्रिल १८५६ मध्ये काम टाकून मोर्चा काढला आणि आठ तास मिळवले, शिकागोच्या तीस वर्षं आधी. आज तिथं व्हिक्टोरिया राज्याचा कामगार दिन मार्चमध्ये, क्वीन्सलंडचा मे महिन्यात, न्यू साउथ वेल्सचा ऑक्टोबरमध्ये. न्यूझीलंडचा ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी. तो दिवस वेलिंग्टनच्या सॅम्युएल पार्नेल नावाच्या सुताराची आठवण ठेवतो, ज्यानं १८४० मध्ये आठ तासांपेक्षा जास्त काम करणार नाही असं मालकाला सांगितलं होतं. ब्रिटननं १९७८ पासून मे महिन्याचा पहिला सोमवार सुट्टीचा केला, पण त्या दिवशी पगारासह घरी राहण्याचा कायदेशीर हक्क तिथल्या कामगाराला आपोआप मिळत नाही, करारात असेल तरच. फ्रान्समध्ये याच्या नेमकं उलट. वर्षभरातल्या सगळ्या सार्वजनिक सुट्ट्यांत १ मे हा एकच दिवस असा की त्या दिवशी काम बंद ठेवणं आणि पगार न कापणं कायद्यानं बंधनकारक आहे. दवाखाने, वाहतूक अशा न थांबणाऱ्या कामांत जो राबेल त्याला दुप्पट पगार. बेकरीवाले आणि फुलवाले यांनी त्या दिवशी कामगार लावावेत की नाही, यावर तिथं अजून कडाक्याचं भांडण होतं. मला ते भांडण हेवा वाटावा असं वाटतं, कारण ते हजेरीबद्दल आहे.

आपला कायदा कुठं उभा आहे? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ भरपगारी सुट्ट्या आहेत आणि १ मे त्यांत नावानिशी आहे. हे चांगलंच आहे. पण २०१७ मध्ये तो कायदा लागू झाला तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना. सांगलीच्या गणपती पेठेत किंवा मिरजेच्या बाजारात किती दुकानांत दहा माणसं कामाला असतात? सप्टेंबर २०२५ मध्ये तर राज्य मंत्रिमंडळानं ही मर्यादा वीसवर नेण्याला आणि कारखान्यातला कामाचा दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत वाढवू देण्याला मान्यता दिली. ज्या मागणीसाठी १ मे अस्तित्वात आला ती आठ तासांची होती. ज्या राज्याचा जन्मदिवस १ मे आहे, त्याच राज्यात आपण बारा तासांची भाषा ऐकतो आहोत आणि वाद मात्र घालतो आहोत तारखेवर. १९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालेला एक विद्यार्थी पुढं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खात्याचा सदस्य झाला, आणि त्याच्या कारकिर्दीत कारखान्यांना १९४५ मध्ये भरपगारी रजेचा कायदा आणि १९४६ मध्ये ५४ ऐवजी ४८ तासांचा आठवडा मिळाला. बाबासाहेब आंबेडकरांच्या शाळाप्रवेशाचा दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो, ते योग्यच आहे. त्या दोन कायद्यांची आठवणही तितक्याच जोरानं काढली पाहिजे.

महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन यांत पहिला मान कुणाचा, या वादात मी फार थांबणार नाही, कारण तो वाद नाहीच. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसं गेली, त्यांत गिरण्यांतले आणि कष्टकरी वस्त्यांतले लोक किती होते ते हुतात्म्यांची यादी पाहिली की कळतं. मुंबईच्या हुतात्मा स्मारकावर मशाल धरून उभे आहेत ते एक शेतकरी आणि एक कामगार. सातारा जिल्ह्यानं १९५७ साली त्याच लढ्याच्या लाटेत क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठवलं, आणि १ मे १९६० ला राज्याची सूत्रं घेतली ती देवराष्ट्र्याच्या यशवंतरावांनी. दोन्ही दिवस एकाच माणसांनी मिळवलेले आहेत.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र पुढं आहे, आणि तो सहसा भाषणांत येत नाही, प्रत्यक्ष बोलताना येतो. विट्यातला आठ मागांचा मालक म्हणतो, मी स्वतः कामगाराबरोबर उभा राहतो, सूत उधारीवर आणतो. एका दिवसाचा पगार फुकट कुठून देऊ? बेदाणा शेडवरची बाई म्हणते, मला सुट्टी नको, हजेरी हवी. दोघंही खरं बोलतात. आज एका शेडवर, उद्या दुसऱ्याच्या बागेत जाणाऱ्या मजुराचा मालक नेमका कोण, आणि सुट्टीचे पैसे कुणी द्यायचे? या प्रश्नाला उत्तर नाही असं समजूनच आपण कामगार दिन कायम नोकरीवाल्यांपुरता ठेवून दिला आहे.

उत्तर आहे. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याहून मुंबईला गेलेल्या अण्णासाहेब पाटलांनी ज्यांची संघटना बांधली ते माथाडी याच अवस्थेत होते. आज या गोदीत, उद्या त्या बाजारात. मालक रोज वेगळा, ओझं तेवढं तेच. १९६९ च्या माथाडी कायद्यानं त्यांच्यासाठी मंडळं केली. हमालाची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याचीही नोंद मंडळाकडे. मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही व्यापारी मंडळात भरतो, आणि त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, उपदान (ग्रॅच्युइटी), औषधपाणी आणि रजेचा पगारसुद्धा मिळतो. मंडळांच्या कारभारात दोष आहेत, नोंदणी अपुरी आहे, त्यांच्या नावाखाली दमदाटी करणारेही निघाले. तरी तत्त्व सिद्ध झालं. मालक एक नसला तरी काम देणारे सगळे मिळून सुट्टीचा पगार देऊ शकतात.

पैसा कुठून आणणार, या प्रश्नालाही इथंच उत्तर मिळालेलं आहे. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. साठच्या दशकात तिचा प्रयोगही तासगाव भागातच झाला. मागेल त्याला काम देण्याची हमी हे तेव्हा अनेकांना वेडेपण वाटलं होतं. बहात्तरच्या दुष्काळानं ते वेडेपण गरजेचं करून टाकलं, आणि १९७५ मध्ये नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवून त्या हमीसाठी पैसा उभा केला गेला. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुरासाठी दरमहा थोडं द्यायचं, हे महाराष्ट्रानं पत्करलं. त्या मानानं एका सुट्टीचा बोजा केवढा? वर्षात तीनशे दिवस काम धरलं तर एका दिवसाची हजेरी म्हणजे शंभर रुपये मजुरीमागे तेहतीस पैसे. वर्षभर थोडे थोडे मंडळात जमा होत गेले तर आठ मागांच्या मालकालाही एप्रिलअखेर एकदम खिशात हात घालावा लागत नाही. बेदाण्याचे सौदे बाजार समितीत होतात, हळदीचे होतात; तिथं तोलाई-हमालीच्या पट्टीत हे तेहतीस पैसे दिसूनही येणार नाहीत. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी कारखान्यांकडून टनामागं रक्कम घेण्याचं तत्त्वही सरकारनं आधीच मान्य केलं आहे.

ऊसतोडीच्या बाबतीत मात्र १ मेचा आग्रह धरून काहीच हाती लागणार नाही, कारण त्या दिवशी कोयता म्यानात असतो. त्यांना भरपगारी सुट्टी हंगामातच द्यावी लागेल, आणि ती कोणत्या दिवशी घ्यायची हे मुकादमानं किंवा कारखान्यानं नव्हे, टोळीतल्या बायका-पुरुषांनी ठरवावं. संक्रांत त्यांची दरवर्षी फडातच जाते. येत्या हंगामाच्या करारात एवढं एक कलम घालता येईल: संक्रांतीला तोड बंद, त्या दिवसाचा खाडा लागणार नाही, उचलीतून काही कापलं जाणार नाही, आणि दोघांची हजेरी दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांवर जमा होईल.